निजलेल्या आईला भेटायला

निघण्याआधी

देवळात आत जाणारी आई आणि बाहेर थांबणारे अप्पा, अशी आमच्या घरात पहिल्यापासून वाटणी होती. अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. देवावर त्यांचा राग नव्हता, पण देवाकडे त्यांचं काही कामही नव्हतं. आई दर्शनाच्या रांगेत लागली की ते वर्तमानपत्र पसरून बसायचे आणि सगळ्यांच्या चपला सांभाळायचे. कॉलेजात गेल्यावर मीही त्यांच्या शेजारी बसायला लागले. सहा वर्षांपूर्वी अप्पा गेले, तेव्हापासून चपलांपाशी मी एकटी.

आई आता एक्क्याऐंशीची आहे. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. डॉक्टर त्याला मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात, आई म्हणते, "मधलंच दिसत नाही गं, कडा दिसतात." समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, मागची खिडकी दिसते. चेहऱ्याच्या जागी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा डाग. म्हणून कुणाकडे नीट बघायचं असलं की ती मान वळवून तिसरीकडेच बघते. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारीला आपलं बोलणं ऐकायचं नाहीये.

शिवाय रात्रीची झोप नाही. साडेबाराला, दोनला, सव्वातीनला हाक येते, "वाजले किती?" घड्याळ दिसत नाही म्हणून विचारते, बाकी काही नको असतं. सांगितलं की "बरं" म्हणते. पाऊण तासानं पुन्हा. भाद्रपदातल्या एका रात्री चौथ्या हाकेला मी तिच्या अंगावर ओरडले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. दुसऱ्या रात्री तिनं एकदाही वेळ विचारली नाही. ती जागी आहे हे मला भिंतीपलीकडून कळत होतं, मी जागी आहे हे तिलाही कळत असणार. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी खाली ठेवत म्हणाली, "दसरा झाला की तुळजापूरला नेशील? ती निजलेली असताना."

तुळजाभवानी वर्षातून तीनदा निजते. नवरात्राच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर अश्विनी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. तिची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. भोपे पुजारी तिला उचलून पलंगावर निजवतात. नऊ दिवस महिषासुराशी लढून दमली, म्हणून श्रमनिद्रा. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण नळाला पाणी कधी येतं हे माहीत असावं तसं.

"आजवर तिला जागीच बघितली," आई म्हणाली. "दर खेपेला काहीतरी मागितलं. तुझ्या भावाची नोकरी, तुझं लग्न, ह्यांचं ऑपरेशन. आता मागायचं काही राहिलं नाही. निजलेली बघून यायची. निजलेल्या माणसाला कामं सांगायची नसतात."

बेतही तिनंच आखला. एकादशीला पंढरपूर, द्वादशीला बार्शीत माहेरी, त्रयोदशीला तुळजापूर, चतुर्दशीला परत. मी भाड्याची गाडी ठरवली आणि चार दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस, एकादशी

पुण्याहून साडेसहाला निघालो. डिकीत घडीची व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, दोन उशा आणि औषधांचा डबा. सोलापूर रस्त्यानं भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी आणि तिथून पंढरपूर, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. लोक प्रवासवर्णनात कुठे काय खाल्लं ते लिहितात. म्हाताऱ्या माणसाला घेऊन फिरलेली बाई त्याऐवजी संडासांची यादी देऊ शकते: कुठे पायरी नाही, कुठे धरायला कठडा आहे, कुठे आत शिरलं की दार लागतच नाही. या रस्त्यावर कमोड असलेले आणि कोरडे असे मला दोन सापडले. दोन्हींच्या बाहेर दोन-दोन पायऱ्या होत्या. बांधणाऱ्याची आई अजून धडधाकट असणार.

भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी लागलं. पावसाळा नुकताच संपलेला, धरण तुडुंब. आई खिडकीकडे न बघता समोर बघत बसली होती. मी म्हटलं, "पाणी बघ ना." ती म्हणाली, "तेच बघतेय. कडेला आहे म्हणून तर दिसतंय."

पंढरपूरच्या लॉजवाल्यानं फोनवर लिफ्ट आहे म्हणून सांगितलं होतं. लिफ्ट होती, तिच्या दाराला 'बंद' अशी पाटीही होती. शेवटी ड्रायव्हर दादांनी आणि लॉजच्या पोरानं आईला खुर्चीसकट उचलून पहिल्या मजल्यावर नेली. ती दोन्ही हात जोडून बसली होती आणि जिन्यात भेटेल त्याला "रामकृष्ण हरी" म्हणत होती. "पालखी निघाली," ती म्हणाली. मला हसू आलं नाही. घामानं अंग चिंब झालं होतं.

दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन ती तासभर पडली. ऊन उतरल्यावर घाटावर गेलो. चंद्रभागेला पाणी होतं, पुंडलिकाच्या देवळाकडे लोक जपून उतरत होते. आम्ही वरूनच हात जोडले.

या पुंडलिकाशी माझं थोडं भांडण आहे. गेली तीन वर्षं जो येतो तो मला सांगतो, "तुम्ही अगदी पुंडलिकासारखं करताय हो." कथा सगळ्यांना पाठ आहे: आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकानं दारात आलेल्या देवाला वीट फेकून थांबायला लावलं, आणि देव अजून थांबलाय. पण त्याच कथेत आधीचा पुंडलिकही आहे, आईबापांना छळणारा. तो भाग कीर्तनकार दोन वाक्यांत उरकतात. मला तोच ओळखीचा वाटतो. आणि अंथरुणं कोण धूत होतं? कथेत त्याची बायको आहे, पण सेवेची वेळ आली की ती कुठे जाते कुणी सांगत नाही.

हे मी आईला बोलून दाखवलं. ती नदीकडे मान तिरकी करून बसली होती. म्हणाली, "आणि त्या म्हाताऱ्या दोघांना कुणी विचारलं का? दारात देव आलाय आणि हा आमचेच पाय चेपत बसलाय. किती ओशाळं झालं असेल त्यांना." मग थोड्या वेळानं, "माणसाला नको वाटतं गं, सारखं कुणाकडून करून घ्यायला."

महाद्वाराशी आलो तेव्हा एकादशीची गर्दी होती, तरी आषाढीच्या मानानं काहीच नाही. नामदेव पायरीपाशी आईनं वाकून हातानं पायरी शोधली. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी इथे समाधी घेतली, ते १३५० साल. समोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. अप्पा पंढरपुरात एकाच ठिकाणी हात जोडायचे, ते इथे. वर्तमानपत्र पसरायचे तेही इथूनच चार पावलांवर. १९४७ साली मे महिन्यात साने गुरुजींनी हे देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केलं, ही गोष्ट त्यांनी मला याच जागी किमान दहा वेळा सांगितली असेल. "गुरुजी उपाशी बसले तेव्हा दार उघडलं. आपण चपला घेऊन बसलो तर काय बिघडलं," असा त्यांचा शेवट असायचा. दोन्ही गोष्टींचा काय संबंध, हे मला कधी कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

आज आईला एकटीला आत सोडणं शक्य नव्हतं. ड्रायव्हर दादा म्हणाले, "ताई, तुम्ही जावा. मी बसतो चपलांपाशी." आणि ते अप्पांच्या जागी बसून मोबाईल बघायला लागले. तीस-बत्तीस वर्षांनी मी त्या दारातून आत गेले.

पदस्पर्शाची रांग फार लांब होती, म्हणून आज नुसतं मुखदर्शन. लांबून, समोरून, मधोमध. म्हणजे आईला जिथे काही दिसत नाही नेमकं तिथे. ती दोन क्षण सरळ उभी राहिली आणि मग मान डावीकडे वळवून भिंतीकडे बघायला लागली. मागची बाई कळवळून म्हणाली, "आजी, देव इकडं हाय, इकडं!" आई म्हणाली, "ठाऊक आहे बाई. कोपऱ्यातनं बघतेय."

रात्री लॉजवर दीडला हाक आली. मी उठून बसले. सव्वादोनला परत. मग मीच तिच्या पलंगावर जाऊन बसले. बाहेर कुठेतरी भजन चालू होतं.

"आषाढीत देवाचा पलंग निघतो," आई अंधारात म्हणाली. "म्हणजे शेजघरातनं पलंग बाहेर काढतात. मग देवाला झोप नाही. दिवसरात्र उभा, चोवीस तास दर्शन."

"दमत नसेल?"

"दमतो की. म्हणून तर पाठीला लोड देतात. कापसाचा, मऊ. रखुमाईला तक्क्या. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा, गरम पाण्यानं आंघोळ, रात्री काढा. मग पलंग परत आत जातो, मग निजतो."

देवाला उभ्या उभ्या टेकायला लोड देणाऱ्या माणसांबद्दल मी पहिल्यांदाच विचार करत होते. कुणाला तरी कधीतरी दिसलं असेल की याची पाठ दुखत असणार. त्या कुणाच्या तरी घरी म्हातारं माणूस असणार, हे नक्की. मी आईच्या पाठीमागची उशी जरा वर ओढली. ती म्हणाली, "नको, मोडेल झोप." झोप लागलेलीच नव्हती.

दुसरा दिवस, द्वादशी

पहाटे पाचला रांगेत. काकडा झाला होता. व्हीलचेअर जिथपर्यंत जाते तिथपर्यंत नेली, पुढे आई माझ्या आणि भिंतीच्या आधारानं. सोळखांबीत गरुडखांबाला तिनं मिठी मारली, लहान पोर आईच्या मांड्यांना मारतं तशी. २०२४ साली मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पायावरचं दर्शन बंद ठेवून देवळाचं संवर्धन झालं, वरचे थर काढून जुना दगड मोकळा केला. हे मी पेपरात वाचलं होतं. आईनं ते हातानं ओळखलं. "भिंत गार लागतेय. पूर्वी अशी नव्हती."

गाभाऱ्यात माणसाला किती वेळ मिळतो? तीन सेकंद, चार सेकंद. डोकं ठेवायचं, उचलायचं, पुढे व्हायचं. आईनं डोकं ठेवलंच नाही. दोन्ही हातांनी आधी वीट चाचपली, मग पाय. मग अंगठ्यानं आणि बोटांनी घोट्यापासून खाली, एकदा, दोनदा. ती पाय चेपत होती. अप्पांचे चेपायची तसे, शेवटच्या वर्षी. "आजी, चला," कुणीतरी म्हणालं आणि आम्ही बाहेर पडलो.

रखुमाईचं दर्शन झालं. ओवरीत टेकल्यावर आई आपल्या हातांचा वास घेत बसली, तुळस आणि बुक्का.

"झिजलेत गं पाय."

मी तिला वज्रलेपाचं सांगितलं: मूर्तीची झीज थांबावी म्हणून पुरातत्त्व खात्याच्या सल्ल्यानं लेप देतात, २०२० सालीही दिला होता.

"मग विचार त्यांना, उरलाय का थोडा. माझ्या गुडघ्यांना."

नऊला पंढरपूर सोडलं. कुर्डुवाडीच्या फाटकाशी गाडी थांबली आणि आईची पन्नास-साठ वर्षं मागे गेली. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फूट रुंदीच्या रुळांची. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली सुरू झाली, पंढरपूरपर्यंत १९०६ साली आली. तिला आई 'लहान गाडी' म्हणते. यात्रेच्या दिवसांत मालाच्या डब्यांतही माणसं बसवायचे म्हणे. "चढावर पोरं उतरायची, लघवी करून पळत येऊन परत चढायची," ती सांगत होती. आता तिथे ब्रॉडगेज आहे. फाटकातून लांबलचक मालगाडी गेली आणि ती जाईपर्यंत आई डबे मोजत होती. डाग मध्ये असला तरी हलतं ते मोजता येतं, असं तिचं म्हणणं.

बार्शी जवळ आली तशी तिची भाषा बदलायला लागली. पुण्यात "इथे" म्हणणारी बाई "हितं" म्हणायला लागली. एकादशी पंढरपुरात करावी आणि द्वादशी बार्शीत सोडावी अशी इकडे रीत आहे. बार्शीच्या भगवंताची कथाच द्वादशीची: अंबरीष राजा उपास सोडायला बसला आणि नेमके दुर्वास ऋषी दारात, मग त्यांचा कोप आणि भक्तासाठी धावून आलेला विष्णू. भगवंताच्या देवळात आम्ही दहा मिनिटं थांबलो. आईला भूक लागली होती आणि मावशी वाट बघत होती. या कथेचा धडा माझ्या मते एवढाच, की उपास सोडायच्या वेळी पाहुण्यांनी येऊ नये.

मावशी आईहून पाच वर्षांनी लहान. अर्धा वाडा पडलाय, उरलेल्या अर्ध्यात ती एकटी राहते. मुलं पुण्यात, बोलावतात, ती जात नाही. तिला ऐकू येत नाही. यंत्र आहे, ते डबीत ठेवलेलं असतं, "कान खाजत्यात" म्हणून. म्हणजे एकीला दिसत नाही आणि एकीला ऐकू येत नाही. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. मावशी ओरडून म्हणाली, "लई वाळलीस गं!" आई म्हणाली, "तू जाड झालीयस." मावशी म्हणाली, "व्हय, बरी हाय की."

जेवायला ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, वरण-भात आणि शेंगाची चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. आईचं ताट मी नेहमी घड्याळासारखं वाढते, बाराला भाजी, तीनला चटणी, म्हणजे तिला शोधावं लागत नाही. मावशीनं हे बघितलं, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या वाढीला चटणी बरोबर तीनवर ठेवली.

रात्री दोघी बहिणी आतल्या खोलीत आणि मी ओसरीवर. कितीतरी महिन्यांनी माझ्यावर जागं राहायची पाळी नव्हती. अर्थात मी जागीच. दीडच्या सुमाराला आतून आवाज आला, "वाजले किती?" मावशी ठार बहिरी. तिला फक्त बहीण काहीतरी बोलली एवढं कळलं असावं. "व्हय, सकाळी लवकर करू," ती मोठ्यानं म्हणाली. मग आई म्हणाली, "बाबांनी गाय विकली तेव्हा तू रडली होतीस का?" मावशी म्हणाली, "रताळी हायत की, उकडते." असं तासभर चाललं होतं. दोघींचा एकही शब्द एकमेकींना लागत नव्हता आणि दोघी अगदी खुशीत होत्या. मी उशीत तोंड खुपसून हसले.

सकाळी मावशी म्हणाली, "तुझी आई झोपू देत न्हाई गं. तुमच्यात रोजच कोजागरी म्हणायची."

तिसरा दिवस, त्रयोदशी

मावशीही आमच्याबरोबर निघाली. रस्त्याला दोन्हीकडे सोयाबीनची काढणी चाललेली, काही रानांत पाणी अजून साचलेलं. तुळजापूर जवळ आलं तसे चालत येणारे लोक दिसायला लागले. पौर्णिमेला देवी उठते, त्या दर्शनासाठी सोलापूर आणि कर्नाटकाकडून माणसं पायी येतात. पुष्कळांच्या पायात काही नाही, गळ्यात कवड्यांची माळ, आणि अधूनमधून "आई राजा उदे उदे".

तुळजापूरला देवीकडे जायचं म्हणजे खाली उतरायचं. बहुतेक देव डोंगरावर चढायला लावतात, ही पायऱ्या उतरवते. चढण्यात दम जातो, पण उतरताना म्हातारं माणूस पडतं. महाद्वाराशी पायऱ्या बघून मी गारच पडले. ड्रायव्हर दादा चपला सोडून आईची एक बाजू धरायला आले. दुसऱ्या बाजूला मी. पाच-सहा पायऱ्यांनंतर माझा हात थरथरायला लागला तेव्हा मागून एक पोरगा आला, विशीचा, पायांना चिंध्या बांधलेल्या. "अव्वा, बर्री," म्हणाला आणि माझ्या जागी आईच्या बगलेत खांदा दिला. तो कानडीत बोलत होता, आई बार्शीच्या मराठीत. कुठून चालत आला, किती दिवस लागले, हे सगळं तिनं खाली पोचेपर्यंत त्याच्याकडून काढून घेतलं होतं. मला त्यातलं काही कळलं नाही. कल्लोळ तीर्थापाशी त्यानं तिच्या पायाला हात लावला आणि गर्दीत गेला.

रांगेत तीन तास. मावशीला ऐकू येत नसल्यामुळे ती सगळं ओरडून बोलते. देवीपाशी पोचता पोचता तिनं हात जोडून मोठ्यानं सुरू केलं, "आई, नातवाचा व्हिसा होऊ दे..." आईनं तिचा दंड चिमटीत धरला. "गप. निजलीये."

मावशीला तेवढं ऐकू आलं.

मी काय बघितलं ते सांगते, फार नाही. सिंहासन रिकामं होतं. पलंग, त्यावर पांघरूण, समईचा उजेड. एरवी आठ हातांत शस्त्रं घेऊन उभी असलेली बाई आडवी झाली होती. रेटारेटी नेहमीसारखीच होती, पण पलंगाजवळ आलेली माणसं आवाज खाली आणत होती. कुणी सांगितलं नव्हतं, तसा फलकही नव्हता. घरात कुणी निजलेलं असलं की आपण आपोआप भांडी हळू ठेवतो, तसं.

आईनं मान वळवली नाही. सरळ बघत उभी राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "दिसलं का काही?"

"पांघरुणाची कड दिसली."

"आणि तोंड?"

"तोंड कशाला बघायचं निजलेल्या माणसाचं. पांघरूण नीट आहे ना, एवढं बघायचं."

देवळाच्या आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडे वळला तर होय, डावीकडे वळला तर नाही, जागीच राहिला तर कामाला वेळ लागेल. लढाईला निघण्याआधी शिवाजी महाराज इथे कौल घ्यायचे असं सांगतात. मावशीनं व्हिसाचं काम इथे उरकून घेतलं. दगड उजवीकडे गेला म्हणाली, मला तरी तो हललेला दिसला नाही. आईला म्हटलं, तू ठेव हात. "मला काय विचारायचंय," म्हणून ती कट्ट्यावर बसून राहिली.

मग मी ठेवले. का ठेवले ते सांगता येत नाही. दगड तेलकट होता, उन्हानं कोमट. "आणखी किती दिवस", इतकंच मनात आलं. कशाचे दिवस, ते पुढे यायच्या आत मी हात काढून घेतले. दगड हलला असता की नाही, देव जाणे. आईकडे बघितलं तर तिची मान भलतीकडेच वळलेली होती. म्हणजे ती माझ्याकडेच बघत होती.

वर आलो तर चपला नव्हत्या. दादांच्या होत्या, आईच्या होत्या, मावशीच्या होत्या. फक्त माझ्या गेल्या होत्या. चपला सांभाळणाऱ्या घराण्यातली मी, एवढ्या वर्षांनी आत गेले आणि हे. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "त्यांनी नेल्या," ती म्हणाली. "बाहेर बसायचं सोडलंस म्हणून." दुकानातून रबरी स्लीपर घेतल्या, एक नंबर मोठ्या.

त्या रात्री मुक्काम बार्शीलाच. हाक किती वाजता आली आठवत नाही. मला झोप लागली होती.

चौथा दिवस, चतुर्दशी

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. मावशीनं शेंगाचटणीचा डबा आणि उकडलेली रताळी दिली. निघताना दोघी बहिणी वाड्याच्या दारात बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. परत भेटू, असं दोघींपैकी कुणीच म्हणालं नाही. टेंभुर्णीजवळ भावाचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल आला. "आई, माझ्यासाठी काय मागितलंस?" आई फोनच्या कडेकडे बघत म्हणाली, "ती निजली होती रे. परत कधीतरी तूच येऊन माग." पुण्यात लिफ्ट चालू होती.

पौर्णिमा, घरी

सकाळी दात घासताना आई म्हणाली, "आज उठली असेल. बसवली असेल सिंहासनावर." दिवसभर मग ती जरा उतरल्यासारखी वाटली. संध्याकाळी दूध आटवलं, केशर-वेलची घातली, गच्चीवर नेऊन चांदण्यात ठेवलं. चंद्र दिसतो का म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्याच्याभोवतीचं दिसतं. पुष्कळ आहे." साय तिला आवडते, दोन्ही वाट्यांतली तिनं खाल्ली. बाजारातून मी कापसाचा एक लहान लोड आणला होता. तो पाठीशी दिला तेव्हा तिनं हातानं चाचपून बघितला, पण काही बोलली नाही.

सव्वातीनला मला जाग आली. हाक आली नव्हती. दोन मिनिटं थांबले. मग पोटात गोळा आला आणि तशीच अनवाणी तिच्या खोलीत गेले. खिडकीतून चांदणं आत आलं होतं. पांघरूण वरखाली होतंय का ते बघत मी वाकून उभी राहिले. एक कड पलंगाखाली लोंबत होती, ती उचलून वर घेतली.

"निजलेय मी," आई डोळे न उघडता म्हणाली. "काही मागायचं असलं तर सकाळी."